पहिलवानाच्या दंडाचं माप

पावाच्या भट्टीवाल्याला सगळी गल्ली पहिलवान म्हणायची. तीस वर्षं पीठ तिंबून त्याचे दंड मांडीएवढे झाले होते. दवाखान्यात त्याचा रक्तदाब जास्त निघाला, तेव्हा डॉक्टरबाईंनी लगेच गोळी दिली नाही. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजा आणि आकडे लिहून आणा, म्हणाल्या. त्याने यंत्र घेतलं आणि थेट थोरल्या बहिणीचं शिवणकामाचं दुकान गाठलं. त्याचं दुखलंखुपलं तीच बघायची.

ताईने यंत्रासोबतचा कागद वाचला. पाठ टेकायची, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, आणि आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. पहिलवान जन्मात कधी पाच मिनिटं गप्प बसला नव्हता. तो डोळे मिटायचा. शिलाई मशीनची घरघर हळूहळू लांब जायची. मग त्याला वाटायचं, आपण फुगत्या पिठाच्या गोळ्यावर झोपलोय, तो गोळा श्वास घेतोय, आणि आपण त्याच्यासोबत वरखाली होतोय. कधी त्यात वडील यायचे, अंगभर पीठ लागलेले, न बोलता बाजूला बसायचे.

मग पट्टा करकचून आवळायचा आणि आकडा यायचा. वरचा एकशे सत्तर, खालचा शंभर. चार दिवस तेच.

वडील असाच रक्तदाब वाढून भट्टीसमोर कोसळले होते, ते उठलेच नाहीत. पहिलवानाने जेवण टाकलं. आंबवणाला पाणी किती घालायचं, भट्टी कधी झाकायची, हे तो ताईला एकेक सांगायला लागला. ती मान खाली घालून सदऱ्याची काजं करत राहिली. तो निरवानिरव करतोय, हे तिला कळत होतं.

पाचव्या दिवशी पट्टा फुगता फुगता चर्रकन सुटला. ताईने तो उचलून उलटसुलट पाहिला आणि गळ्यातली टेप त्याच्या दंडाभोवती फिरवली. एकोणचाळीस सेंटिमीटर. पट्ट्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं, बावीस ते बत्तीस.

"हा तुझ्या मापाचाच नाही रे," ती म्हणाली. "तुझ्या सदऱ्याच्या बाह्यांना मी दीडपट कापड घेते, आणि हे माझ्या ध्यानात येऊ नये?"

तिने डॉक्टरबाईंना फोन लावला. पट्टा लहान असला तर आकडा फुगतो, त्या म्हणाल्या. मोठा आणा आणि पहिल्यापासून मोजा.

मोठा पट्टा आला. आता वरचा आकडा एकशे चाळीसच्या आसपास राहिला, खालचा अठ्ठ्याऐंशीच्या. पहिलवान खुर्चीतून उठून नाचायच्या बेतात होता. ताईने त्याला खाली बसवलं. आकडे घेऊन ती त्याच्यासोबत दवाखान्यात गेली. थोडा जास्त आहेच, डॉक्टरबाई म्हणाल्या, पण घाबरण्यासारखं नाही. मीठ कमी करा, रोज चाला, मोजणं सोडू नका, तीन महिन्यांनी परत या.

त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला आणि पुन्हा खुर्चीत बसला. दुकानाच्या काचेतून तिरपं ऊन येत होतं, त्यात धाग्यांचे कण तरंगत होते. पाच मिनिटं झाली. ताईने बटणाकडे हात नेला, तर पहिलवान मान कलती करून गाढ झोपला होता, ओठ किंचित हलत होते, जणू कुणाशी तरी बोलतोय.

तिने मशीनचा दिवा मालवला आणि त्याच्या शेजारी बसून राहिली.