दीड पानाचे संवाद

मेकअपवाल्याने रबराच्या सुरकुत्यांचा डबा उघडला, तेवढ्यात दिग्दर्शक आत आला. त्याने आरशातूनच काकूंकडे पाहिले.

"रबर राहू दे," तो म्हणाला. "डोळ्यांखाली थोडं काळं कर. बाकी आहे ते पुरेसं आहे."

वीस वर्षांची ओळख असलेला मेकअपवाला नजर वर करीना. शेवटी काकूच म्हणाल्या, "चला, तुझे तीन तास वाचले."

भयपटांत त्यांची एकतीस वर्षे गेली होती. पंचविशीत त्या नायिकेची मैत्रीण असत. "कोण आहे?" असे विचारत एकट्याच तळघरात उतरत आणि मध्यंतराच्या आत मरत. चाळिशीत त्या आई झाल्या. कपाटात कुणीतरी आहे असे मुलगी सांगे, आणि त्या "काही नाही, झोप" म्हणत. पन्नाशीनंतर त्या स्वतःच कपाटात गेल्या. एवढ्या वर्षांत कुणी त्यांना सलग चार वाक्ये दिली नव्हती.

या दिग्दर्शकाने दीड पान दिले होते. मेलेली बाई परत का आली, ते ती शेवटी सांगते. काकूंनी ते दोन महिने पाठ केले. त्यांचे यजमान पोस्टातून निवृत्त झालेले. चष्मा कपाळावर ढकलून, कागद नाकाशी धरून ते ऐकत. "'आले होते'तला 'होते' खाल्लास," असे म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत.

सेटवर खिडक्यांना काळे पडदे लावले होते. बाहेर दुपारचे दोन वाजले होते.

"काकू, एक बदल," दिग्दर्शक म्हणाला. "बोलायचं नाही. फक्त तोंड उघडायचं, जेवढं उघडेल तेवढं. आवाज नंतर टाकू."

"आणि ते दीड पान?"

"भूत बोललं की भीती जाते हो. निर्माते म्हणाले, काढा."

काकूंनी मान डोलावली. जिन्याच्या वळणावर जाऊन उभ्या राहिल्या. नायिका मेणबत्ती घेऊन वर आली, कॅमेरा सुरू झाला, आणि काकू बोलल्या.

"मी कुणाला मारायला आले नव्हते गं. माझी पोर झोपली का, तेवढं बघायला आले होते. दार बाहेरून लावलेलं होतं. मी हाका मारल्या. सगळे घरातच होते."

दीड पान पुरे झाले. कुणी थांबवले नाही. दिवे धरणारा माणूस हात खाली घ्यायचा विसरला. नायिकेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. तो जवळ आला आणि आवाज खाली आणून बोलला, "काकू, तुम्ही मोठ्या आहात, मी काय सांगणार. पण ही रडली. भूत बघून रडायचं नसतं, पळायचं असतं."

"सॉरी काकू," नायिका म्हणाली, "मला घाबरताच येईना."

दुसऱ्या खेपेला काकूंनी तोंड उघडले. नायिका छान किंचाळली.

घरी यजमानांनी विचारले, "झालं का म्हणून सगळं?"

"झालं," काकू म्हणाल्या. ते खोटे नव्हते.

सात महिन्यांनी चित्रपट लागला. यजमानांनी इस्त्रीचा सदरा घातला, दुपारच्या खेळाची तिकिटे काढली. काकूंना सांगायचे होते. रिक्षात दोनदा तोंडावर आले, पण त्यांचा उत्साह बघून राहिले. पडद्यावर जिना आला तसे यजमान खुर्चीत पुढे सरकले.

"आता ना?" ते कुजबुजले.

पडद्यावर काकूंनी तोंड उघडले. आतून जनावराची गुरगुर आली. समोरच्या रांगेतली पोरं ओरडली, मग हसली. यजमान तसेच पुढे वाकून बसून राहिले. पुढचा प्रसंग सुरू झाला, त्याच्या पुढचाही.

दिवे लागल्यावर ते म्हणाले, "तो आवाज कुणाचा?"

"मशीनचा."

"कापलं का गं?"

"हो."

"कधी कळलं तुला?"

"त्याच दिवशी."

"बरं नाही केलं त्यांनी," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

बाहेर कॉलेजातल्या तीन मुलींनी काकूंना ओळखले. आधी एक पाऊल मागे सरल्या, मग हसत जवळ आल्या.

"काकू, एक फोटो? ते तोंड करा ना. आणि केस मोकळे."

काकूंनी यजमानांकडे पाहिले. मग केसांतले आकडे एकेक करून काढले, त्यांच्या हातावर ठेवले, आणि मुलींच्या मध्ये उभ्या राहून जेवढे उघडेल तेवढे तोंड उघडले.

मुली आभार मानून, फोनमध्ये डोके घालून निघून गेल्या. काकूंनी केसांचा अंबाडा वळला. यजमान तळहात पुढे करून शेजारी उभे होते. काकू त्यातून एकेक आकडा उचलत होत्या, आणि येणारी-जाणारी माणसे त्या दोघांना वळसा घालून पुढे जात होती.