मधल्या थराचं तेल

सात नंबरच्या तेलविहिरीवर बोलायला कुणी नसल्यामुळे तो अबोल झाला, की अबोल होता म्हणूनच त्याची रवानगी तिथे झाली, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. बाकीचे ऑपरेटर त्याला मुनी म्हणत. नऊ वर्षं तो पत्र्याच्या केबिनमध्ये एकटा राहत होता. एक खाट, एक शेगडी, भिंतीवर पंपाचा स्विचबोर्ड, आणि त्याच्या काचेमागे गोल कागदावर रात्रंदिवस पंपाच्या विजेची रेघ ओढणारी शाईची लेखणी. पंप दीड किलोमीटर खाली, विहिरीच्या काळोखात टांगलेला; तो कधी दिसत नसे, ऐकूही येत नसे. ऐकू येई ती पाइपमधून वर चढणाऱ्या तेलपाण्याची सळसळ. त्या सळसळीला मुनी सोबत म्हणत आला होता, कारण दुसऱ्या कशाला म्हणावं असं काही नव्हतं.

विहिरीला तीन थर होते. वरचा केव्हाच आटला होता आणि सिमेंटने बुजवला होता. खालचा दांडगा, पाण्याने तुडुंब. मधला अशक्त, पण तेल होतं ते त्याच्याचपाशी. पंप चालू असला की विहिरीतला दाब उतरे, आणि मधला भीतभीत आपलं काही देऊ लागे. पंप थांबला की खालच्याचं फावे. बळी तो कान पिळी, या न्यायाने तो आपलं पाणी थेट मधल्याच्या घरात घुसवी. मुनीला त्या मधल्याविषयी माया होती. हे कुणाला सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

आज चार वाजता इंजिनीअर बाई येणार होत्या. नमुन्यात शंभराला त्र्याण्णवहून जास्त पाणी निघालं तर विहीर कायमची बंद, आणि केबिनही उचलणार. परवा एक्याण्णव निघालं होतं, काल ब्याण्णव.

सकाळी त्याने भावाच्या घरी फोन लावला. वहिनींनी उचलला.

“वहिनी, मी कदाचित तिकडे येईन. कायमचा.”

“या की भावजी! विचारताय काय, घर तुमचंच आहे.” मग त्या थोड्या थबकल्या. “फक्त तुमच्या खोलीत आता माझं शिलाईचं मशीन आहे हो. बायका मापं द्यायला येतात, त्यांना बाहेर कुठे उभं करू? पण हॉलमध्ये करू काहीतरी सोय. आणि त्या पंपबाईचं काय? नऊ वर्षांचा संसार मोडून येणार?”

त्या हसल्या. तोही हसला. फोन ठेवल्यावर ‘काहीतरी सोय’ हे दोन शब्द कुसळासारखे आत रुतून बसले.

सव्वातीनला तो स्विचबोर्डसमोर उभा राहिला. जुन्या ऑपरेटरांची एक लबाडी होती. सगळ्यांना ठाऊक, पण आपण केल्याचं कुणीच कबूल करत नसे. पंप अर्धा तास थांबवायचा. उभ्या पाइपात तेल वर तरंगतं, पाणी खाली बसतं. पंप पुन्हा सुरू केला की आधी वरचं तेल येतं, आणि बाटली काळीभोर भरते. त्याने बटण दाबलं.

सळसळ थांबली. नऊ वर्षांत त्याने पंप स्वतःच्या हाताने कधी थांबवला नव्हता. त्या शांततेत केबिन अचानक मोठी वाटली, आणि तो तिच्यात कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. मग त्याला खालचं दिसू लागलं: दांडगं पाणी चढतंय, मधल्याच्या फटींतून शिरतंय, उरलंसुरलं तेल मागे रेटतंय. ज्याच्या जिवावर विहीर तगून होती, त्याच्याच नाकातोंडात पाणी.

त्याने घाईघाईने सुरू करायचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. मोटर जळू नये म्हणून एकदा बंद केलेला पंप अर्धा तास सुरू होत नसे. त्याने पुन्हा दाबलं. “अरे, हो ना सुरू!” तो ओरडला. आपला आवाज ऐकून तो दचकलाच.

पावणेचारला पंप सुरू झाला. चारला जीप आली. बाईंनी स्वतः बाटली भरली, मापाच्या नळीत ओतून पाहिली.

“एक्क्याऐंशी! काका, तुमची विहीर तर तरुण होत चाललीय!” हसत त्या आकडा लिहायला आत आल्या आणि गोल कागदापाशी थांबल्या. “इथे रेघ शून्यावर गेलीय. लाइट गेली होती का?”

‘हो’ म्हणणं किती सोपं होतं. पण बाटलीतलं ते तेल पाहून त्याला चोरीचं अन्न खाल्ल्यासारखं झालं होतं.

“नाही मॅडम. मी बंद केला.”

बाईंनी आकडा न लिहिताच पेन खिशात ठेवलं. मग खाटेच्या कडेवर बसल्या. “पाइप धुऊन निघू दे. सहाला पुन्हा घेऊ.”

दोघं थर्मासमधला चहा प्याले. सहाला शहाण्णव निघालं.

“अर्ध्या तासात मधल्या थरात जे पाणी गेलं, तेच आधी परत येतंय,” बाई हळू म्हणाल्या. “बंद केला नसता ना काका...”

“ब्याण्णवच आलं असतं.”

“कदाचित. दोन दिवसांनी पुन्हा येईलही. पण वरच्यांना आजचा आकडा हवाय. मी काय लिहू?”

“जे आलंय तेच लिहा.”

त्यांनी लिहिलं, सही केली. “तुम्ही बंद करता की मी करू?”

“मी करतो.”

बटण दाबलं, आणि सळसळ थांबली. त्याने लेखणी उचलून घेतली, शाई वाळू नये म्हणून सवयीने तिला टोपण लावलं, आणि सामान भरायला घेतलं.

“घाई नको हं, सावकाश आवरा,” बाई म्हणाल्या आणि जीपपाशी जाऊन उभ्या राहिल्या. सात मिनिटांत तो एक पिशवी घेऊन बाहेर आला.

“एवढंच?”

“एवढंच.”

त्यांनी गाडी सुरू केली. “घरी सोडू का? कुठे आहे घर?”

तो समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिला. रस्ता सरळ होता आणि अजून बराच उजेड होता.

“फाट्यापर्यंत सोडा,” तो म्हणाला. “तिथून बघतो.”