तिरकं पातं

रामनाथचा रस्ता तुम्ही मारलात. नाव घेत नाही, तुमचं तुम्हाला कळेल. नायगावच्या खाडीकाठी टॉवर उठवायचे म्हणून बिल्डरच्या भरावाच्या डंपरना पालिकेतून तुम्ही परवाना दिलात, दोन वर्षं ते त्या खडीच्या रस्त्यावरून सोडलेत. टॉवर झाले, डंपर गेले, तुम्हीही हात झटकून मोकळे झालात. मागे उरले मांडीभर खड्डे, आणि त्या रस्त्याच्या शेवटच्या घरात रामनाथची बायको जिजा. मंगळवार, गुरुवार, शनिवार, आठवड्यातून तीन वेळा तिला डायलिसिसला न्यावं लागतं. म्हणून जन्मभर भात लावलेला हा माणूस एका बुधवारी फ्रेडरिकच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये उभा होता आणि ट्रॅक्टरला मागे काय जोडावं ते निवडत होता. हे काम त्याचं नव्हतं. तुमचं होतं.

"आधी काय लावलंलास?" फ्रेडरिकने विचारलं.

"घरचाच लेव्हलर. शेतातला."

फ्रेडरिकने हातातला हातोडा खाली ठेवला. "म्हंजे रस्त्याचं शेत केलंस."

खरंच होतं ते. जुलैत चार दिवस उघडीप मिळाली तेव्हा त्याने रस्ता असा सपाट केला होता की पोरांनी गोट्या खेळाव्यात. चाळीस वर्षांचा हात तो. भाताचं खाचर एका पातळीत आणायचं, पाणी सगळीकडे सारखं उभं राहिलं पाहिजे, एवढंच त्या हाताला ठाऊक. जिजा ओट्यावरून म्हणालीही होती, "झकास केलाय. आता भात कधी लावताव?" दोघंही हसली होती.

मग पाऊस लागला आणि पाणी उभं राहिलं. सारखं, सगळीकडे, घोटाभर. ते कुठे जाईचना. खडी खाली बसली, वर चिखल आला. मंगळवारी रिक्षावाला जितेश मेन रोडलाच थांबला. फोनवर म्हणाला, "काका, गाडी आत टाकली तर अडकेल. तुम्ही काकूंना इथपर्यंत आणा ना, प्लीज." जिजा निम्म्यापर्यंत चालली आणि चिखलातच बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचं मशीन दुसऱ्याला लागलं होतं. ती रात्र तिने उशीला टेकून, बसून काढली. आडवं झालं की श्वास अडकायचा. रामनाथ समोर बसून तिची छाती वरखाली होताना बघत राहिला. रस्ता त्यानेच केला होता.

"शेतात पानी ठेवायचं," फ्रेडरिक म्हणाला, "रस्त्यावरचं घालवायचं. कासवाची पाठ कशी असते? मधे उंच, दोन्ही बाजूंना उतार. ही मोठी फळी बघू नको, ती तुझ्या लेव्हलरचीच बहीन."

"आनि ही पेटी?" खाली दात असलेल्या लोखंडी पेटीवर रामनाथने हात ठेवला. पेटी दणकट होती. दणकट वस्तूवर त्याचा विश्वास बसायचा.

"खडी उकरते, भरून नेते, चांगली आहे. पन तुझा ट्रॅक्टर म्हातारा. तुझ्यासारखाच."

"तू काय मोठा जवान?"

"मी ओढत नाय ना काय. दात पायजेत तर घरचा कल्टिव्हेटर लाव, दोन फेऱ्यांत खडी सुटेल. मग हे लाव." फ्रेडरिकने कोपऱ्यातलं साधं पातं पायाने सरकवलं. पिन काढून ते तिरकं फिरवलं, पिन परत घातली. "हे कडेची खडी मधे लोटतं. जाताना एक कड, येताना दुसरी. पन हाताला सांग, सपाट करू नको."

रामनाथने तिरकं पातं घेतलं.

रविवारी उघडीप मिळाली तसं त्याने काम धरलं. हाताला सांगणं फ्रेडरिकला वाटलं तेवढं सोपं नव्हतं. मधे उंचवटा दिसला की हात आपोआप लिव्हरकडे जायचा, पातं दाबायचा. दुसऱ्या फेरीला त्याने सगळी पाठ घासून टाकली. मग जिजाने खुर्ची रस्त्याच्या कडेला मागवली, डोक्यावर पदर ओढून बसली आणि ओरडायला लागली. "वर! वर घ्या! तुमी परत खाचर करताव!"

"तू गप बस, धाप लागेल."

"मला लागू द्या. हात वर घ्या आदी!"

संध्याकाळपर्यंत आठ फेऱ्या झाल्या. त्याची पाठ मोडली, पण रस्त्याला पाठ आली. सोमवारी दिवसभर पाऊस कोसळला. छत्री घेऊन दोघं ओट्यावर उभी राहिली. पाणी मधून फुटून दोन्ही बाजूंच्या चरांत उतरत होतं. मंगळवारी जितेश थेट दारात आला. "काका, काय रोड केलाय! एकदम हायवे." जिजा वेळेवर पोचली, त्या रात्री आडवी झोपली.

शुक्रवारी तुमचा माणूस आला. मोटारसायकलवरून, त्याच रस्त्याने, एक धक्का न खाता. हातात पालिकेचा कागद. विनापरवाना सार्वजनिक रस्त्याच्या स्वरूपात बदल केला. सात दिवसांत रस्ता पूर्ववत करावा, अन्यथा ट्रॅक्टर जप्त.

रामनाथने कागद दोनदा वाचला. तो ओरडला नाही. ओरडायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

"पूर्ववत म्हंजे?"

"आधी होता तसा."

"आधी खड्डे होते."

"मला काय विचारता काका, मी नुसता वाटतो," तो माणूस खाली बघत म्हणाला. घामाने भिजला होता. जिजा भिंत धरून आत गेली. डायलिसिसमुळे तिला स्वतःला दिवसाचं पाणी पेल्याने मोजून मिळतं. त्याला तिने तांब्याभर आणून दिलं, आणि तो पीत असताना तांब्याकडे बघत उभी राहिली.

रामनाथने कागदाच्या पाठीवर चार ओळी लिहिल्या आणि त्याच्याच हाती परत पाठवल्या. त्या तुमच्या टेबलावर आल्या असतील. नसतील तर इथे वाचा. पूर्ववत करतो. खड्डे किती खोल पाडायचे आणि कुठे कुठे, तेवढं सही-शिक्क्यासह लिहून द्या. माझी बायको कुठल्या खड्ड्यात बसेल, तेही लिहा. उद्या शनिवार आहे, सकाळी सहाला रिक्षा येणार आहे.

त्याआधी उत्तर द्या.