उजव्या हातावरचा मोजा

सकाळी सान पेद्रोच्या बेसबॉल स्टेडियमवर बाबांचा शर्ट काचेत लावला. त्यावरचा नंबर आता संघात कुणालाच मिळणार नाही. निवेदक सांगत होता, "उन्हाळाभर अमेरिकेत, हिवाळाभर आपल्यासाठी! डावऱ्या फाउस्तोने हाताला कधी विश्रांती दिली नाही!" लोकांनी टाळ्या पिटल्या. विश्रांती दिली नाही म्हणूनच बाबांचं डावं कोपर आज अर्ध्यात अडकतं, हे कुणी बोललं नाही.

दुपारी जेवायला नेफ्ताली आला. पोरं हेरून अमेरिकेतल्या संघांसाठी तयार करणं हा त्याचा धंदा. मी सांकोचोच्या रश्श्याचं पातेलं घेऊन अंगणात आले, तर एलियान, माझं वर्षाचंही न झालेलं बाळ, बाबांच्या मांडीवर. त्याच्या उजव्या हातावर बाबांचा मोजा, मनगटाशी बुटाच्या नाडीने आवळलेला. डाव्या हातात चेंडू.

"हे काय?"

"खेळतोय गं तो," बाबा म्हणाले.

"मी शाळेत शिकवायला गेले की रोज हाच खेळ?"

नेफ्ताली हसला. "चिडतेस काय, यानेली? डाव्या हाताने चेंडू फेकणारा पिचर म्हणजे सोनं. तुझा बाप काय जन्माने डावरा होता? तुझ्या आजोबाने घडवला त्याला."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बाळ उजव्या हाताने काही धरत नाही म्हणून मी घाबरून त्याला डॉक्टरकडे नेलं होतं. दवाखान्यात बाबा माझ्या शेजारी बसले होते. माझी पाठ थोपटत होते.

मी नाडी सोडली. मोजा बाबांच्या उजव्या हातावर चढवला आणि तशीच आवळून गाठ मारली. पुढ्यात वाडगा ठेवला.

"जेवा आता."

त्यांनी डाव्या हाताने चमचा उचलला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. त्यांनी मान खाली घातली, ओठ पुढे केले. रस्सा नव्या शर्टावर सांडला.

"अगं, आजच्या दिवशी तरी..." नेफ्ताली पुटपुटला.

"तू जेव. तुझे दोन्ही हात चालतात."

बाबा वाडग्याकडे बघत म्हणाले, "माझ्या बापाने दोरीने बांधला होता. मी मऊ मोजा घेतला."

जणू उपकारच केले होते. मी एलियानला उचललं, त्याची पिशवी खांद्याला अडकवली.

"कुठे निघालीस?"

"सासूबाईंकडे. उद्यापासून मी शाळेत असताना तो तिथेच राहील."

"यानेली, गाठ तरी सोडून जा."

"डाव्याने सोडा," मी म्हणाले आणि फाटक लावून घेतलं.