कात्री लागायच्या आधी

"काय असेल ते आत्ता सांगा. कात्री अजून माझ्या हातात आहे, कापडात नाही."

तिचे वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला असं म्हणायचे. टेबलावर कापड अंथरलेलं, खडूच्या रेघा मारून झालेल्या, कात्रीची पाती उघडी, आणि वडिलांचा तो खडूच्या धुळीनं घोगरा झालेला आवाज. ती टेबलाखाली चिंध्यांच्या बाहुल्या करत बसलेली असायची. मग वर कुणाला तरी कंठ फुटायचा. एक म्हणायचा, कापड भावाचं आहे हो, त्याला अजून विचारलेलं नाही. एक नवी नवरी तर वडिलांसमोर इतकी लाजली, की खाली वाकून हिच्याच कानात म्हणाली, "बाबांना सांग, शिलाईत माया जास्त सोडा. पुढं लागणार आहे."

वडील गेले, टेबल गेलं, दुकानाच्या जागी दुसरंच काही आलं. आवाज तेवढा तिच्या वाटणीला राहिला.

आता ती पडदे शिवायची. गल्लीत तिला पडदेवाली म्हणत, आणि ती त्या नावाला ओ देई. तिचाही एक नेम होता: खिडकीला दांडी बसल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. माणसं खिडकी एक सांगतात आणि दांडी भलत्याच उंचीवर ठोकतात. पण ती विकत घेणार होती त्या एका घरापायी तिनं नेम मोडला. बाइंडरकाकांच्या तळमजल्यावरच्या, रस्त्याकडच्या खोलीची ती उंच खिडकी पाहिली, आणि सौदा पक्का व्हायच्या आधीच तिनं पडदा बेतला, कापला, शिवूनही टाकला. पिकल्या लिंबाच्या रंगाचा. तिच्या स्वतःच्या चौथ्या मजल्यावरच्या घरातल्या एकाही खिडकीला तो लागला नसता.

सकाळी तो पडदा पिशवीत घालून ती निघणार, तेवढ्यात घरांच्या एजंटचा फोन आला. या एजंटाचं नाव तिनं 'होऊनजाईल' ठेवलं होतं. काहीही विचारा, उत्तर तेच.

"ताई, एक छोटीशी गडबड आहे," तो म्हणाला.

गडबड अशी, की कुठल्याशा माणसाची बदली रद्द झाली. तिनं त्या माणसाला जन्मात पाहिलं नव्हतं. तो एका मास्तरांचं घर घेणार होता. त्या पैशातून मास्तर हिचं घर घेणार होते. आणि हिच्या घराच्या पैशातून ही बाइंडरकाकांचं घेणार होती. बदली रद्द झाली म्हणून त्या माणसाच्या घरी आज आनंदीआनंद असेल, आणि इकडे मोत्याच्या माळेतला दोरा तुटावा तशी तीन घरं घरंगळली.

"पण काकांना यातलं अक्षर बोलू नका," होऊनजाईल म्हणाला. "त्यांना कळलं की ते घर दुसऱ्याला दाखवायला लागतील. तुम्ही आपलं मापं घ्या, पडदे लावा, हसून बोला. मी दुसरं गिऱ्हाईक बघतो ना तुमच्या घराला."

"कधीपर्यंत?"

"आता कधी ते कसं सांगू? होऊन जाईल."

तिनं फोन ठेवला. सासूबाई आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या तिच्याकडेच बघत होत्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. रस्ता त्यांना वरून दिसायचा. माणसांचे टाळू आणि छत्र्या.

"कुणाचा फोन?"

"होऊनजाईलचा."

"म्हणजे काहीतरी होत नाहीये," सासूबाई म्हणाल्या. तिनं पडद्याची पिशवी उचलली, तशी त्यांनीही पुढं खोदलं नाही. म्हणाल्या, "माझी खुर्ची कुठं मांडायची ते बघून ये. दाराजवळ नको, खिडकीशी. रस्त्यावरच्या माणसाचं तोंड दिसलं पाहिजे मला. इथून शिव्या दिल्या तरी खालपर्यंत पोचत नाहीत."

ती हसली, आणि जिना उतरताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाइंडरकाकांचं घर म्हणजे घर कमी आणि कामाची जागा जास्त. दार उघडलं की खळीचा आणि जुन्या कागदाचा वास आधी भेटायला येई, काका मागून येत. पुढच्या खोलीच्या मधोमध शिकंजा उभा होता, पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, जमिनीत बोल्टांनी रोवलेलं. वरचं चाक काकांच्या तळव्यांनी घासून घासून आरशासारखं झालेलं. आज त्याच्या पायाशी तेलाची बुधली आणि एक मोठा पाना पडला होता.

"या ताई, या! बरोबर वेळेवर आलात," काका म्हणाले. "दुपारी माणसं येतायत याला न्यायला. नदीपलीकडच्या एका बाइंडरला देऊन टाकला. काय करू? अक्काच्या घरात माझी एक खाटच कशीबशी मावणार, या हत्तीला कुठं बांधू?"

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. एकटीच राहते, आणि एकट्या भावाला कधीपासून बोलावते आहे.

"आणि हातातलं काम?"

"बंद. सगळ्या गिऱ्हाइकांना नाही म्हणून सांगितलं." त्यांचा हात बोलता बोलता चाकावर गेला, तिथंच राहिला. "तुमचा तो एजंट कालच म्हणाला, काका, सगळं पक्कं, बांधाबांध करा. मग म्हटलं, उगाच जीव कशाला अडकवा."

आता सांगावं, असं तिला वाटलं. पण हात पिशवीतल्या टेपकडे गेला. "मागच्या खोलीचं माप घेऊन येते," ती म्हणाली.

मागच्या खोलीत एक कपाट अशा विचित्र जागी उभं होतं, की निम्मी खिडकी त्यानं गिळली होती. कुठला शहाणा माणूस उजेडापुढं कपाट ठेवतो? ती बाजूला सरकवायला गेली, तर काका लगबगीनं आत आले.

"राहू द्या, राहू द्या ते! फार जड आहे. मागं काही नाही त्याच्या."

तिनं अर्धीच खिडकी मोजली, अंदाजानं आकडा मनात धरला, आणि स्वतःच्याच हाताची तिला लाज वाटली. कुणाच्या खिडक्या मोजतेय मी?

पुढच्या खोलीत येऊन तिनं स्टुलावर चढून काकांनी तिच्यासाठी ठोकून ठेवलेल्या दांडीत लिंबाच्या रंगाचा पडदा ओवला. सोडला. तो सरळ, न अडखळता खाली आला आणि जमिनीला न टेकता बरोब्बर थांबला. उन्हानं बाहेरून त्याला हात लावला, तशी सगळी खोली उजळली. शिकंज्याचं चाकसुद्धा पिवळं झालं.

"वा!" काका म्हणाले. "इतकी वर्षं माझी खिडकी उघडीबोडकी होती की काय, असं वाटायला लागलं."

असं म्हणत ते गुडघ्यावर बसले. पाना उचलला. "माणसं येईपर्यंत एक-दोन बोल्ट सैल करून ठेवतो. गंजलेत मेले. एकदा उपटले की परत याच भोकांत बसायचे नाहीत."

पान्याचं तोंड बोल्टावर बसलं. काकांनी दात आवळले. आणि स्टुलावर उभ्या असलेल्या तिला तो आवाज ऐकू आला, खडूच्या धुळीनं घोगरा झालेला, टेबलाच्या वरून येणारा.

"काका, थांबा. पाना खाली ठेवा."

"का? पडद्यावर तेल उडेल म्हणून?"

"नाही. माझं घर विकलं जात नाहीये. घेणारे मास्तर होते, त्यांचंच घर अडकलं. आज सकाळी कळलं मला."

काकांनी पाना खाली ठेवला नाही, उचललाही नाही. "सकाळी?"

"सकाळी."

"आणि आल्यापासून खिडक्या मोजताय?"

"हो." ती स्टुलावरून उतरली. "एजंट म्हणाला, सांगू नका. मलाही वाटलं, न सांगितलं तर घर हातात राहील. सासूबाईंची खुर्ची मी मनातल्या मनात इथं मांडूनसुद्धा ठेवली होती. पण तुमचा बोल्ट निघाला तर परत बसणार नाही. तुम्ही दुसरं गिऱ्हाईक बघा, काका. मी रुसणार नाही. माझं घर कधी विकलं जाईल, मला खरंच माहीत नाही, आणि खोटी तारीख मी देणार नाही. फक्त हे यंत्र आज हलवू नका."

काकांनी पाना हळूच जमिनीवर टेकवला.

मग काका गुडघ्यावर हात देत उठले. तिच्याकडे न बघता फोनपाशी गेले. नदीपलीकडच्या बाइंडरला म्हणाले, माणसं पाठवू नका, कळवतो. दुसरा फोन अक्काला. काकांना कमी ऐकू यायचं, म्हणून अक्का ओरडून बोलायची. सगळं पडदेवालीला ऐकू आलं.

"मोडलं? बरं झालं! तुझी खाट मांडायला मी अजून जागाच केलेली नाही!"

"अगं, मग इतके दिवस ये ये काय म्हणत होतीस?"

"म्हणायला काय जातंय? ये तेव्हा ये. मी कुठं पळून चाललेय?"

काकांनी फोन ठेवला, आणि पहिल्यांदाच त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. शिकंज्याचं चाक त्यांनी एकदा फिरवलं, मग उलटं फिरवलं. ते हलकं, ओळखीचं कुरकुरलं.

तिनं स्टूल ओढलं आणि पडदा काढायला हात वर केला.

"राहू दे. नको काढूस."

आत्तापर्यंत ते तिला अहो-जाहो करत होते.

"पण दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणजे?"

"आलं तर सांगेन, खिडकीचा पडदा शिवून झालाय." काका चाकाकडेच बघत होते. "दिवाळं तर निघालेलं नाही माझं. हात चालतायत. गिऱ्हाइकांना नाही म्हटलंय, त्यांना परत हो म्हणेन, तेवढीच फजिती. तुझं घर विकलं गेलं की ये. सासूबाईंना सांगितलंस?"

"सांगायचंय. पण त्यांना माझं तोंड बघूनच कळलंय."

"सांग तरीही. आपल्या तोंडानं." ते जरा थांबले. "तुला आधीच बोलायला कुणी शिकवलं गं? लोक तर कागदावर सही झाल्यावर बोलतात."

तिनं वडिलांचं सांगितलं. टेबल, खडू, उघडी पाती, आणि ते वाक्य. काकांनी ते मान खाली घालून ऐकलं. हातावरची वाळलेली खळ नखानं खरवडत राहिले, बराच वेळ. मग मागच्या खोलीकडे चालू लागले. दारातून वळून म्हणाले, "जरा हात लाव."

त्यांनी कपाटाला खांदा दिला होता. तिनं दुसऱ्या बाजूनं जोर लावला. कपाट मुळीच जड नव्हतं, रिकामंच होतं. ते सरकलं तशी उरलेली अर्धी खिडकी उघडी झाली, आणि तिच्या खालची भिंतही. काळसर, फुगलेली, पोपडे धरलेली.

"तुझी कात्री अजून हातातच आहे ना, पोरी?" काका म्हणाले. "मग ऐक. या भिंतीला ओल आहे. दोनदा गिलावा केला, तरी परत येते. आणि हे कपाट, घर विकायला काढलं ना, त्याच दिवशी मी इथं आणून ठेवलं."