गेनबाच्या हलगीला चार तारे

कुमारला आता घरात माणसं दिसत नाहीत, असं भामाबाईचं म्हणणं होतं. नातू दोन दिवसांसाठी पुण्याहून पालीला आला म्हणून तिनं हौसेनं नाचणीची भाकरी थापली, तर ती गार होईपर्यंत या पठ्ठ्यानं मोबाईलमधून मान वर केली नाही. त्याच्या रॉक बँडचा नवा अल्बम आठ दिवसांपूर्वी बाहेर पडला होता आणि कोण काय बोलतंय ते बघण्यात तो गुंग होता.

शेवटी तिनं नातीला, वैष्णवीला, पुढ्यात बसवलं. एवढं काय लिहिलंय ते मलाही कळू दे, वाच मोठ्यानं, म्हणाली.

जुने ऐकणारे चिडले होते. चांगली गिटार सोडून ही पोरं आता गावची जत्रा विकायला बसली, असा त्यांचा सूर. पेपरातल्या समीक्षकाला मात्र शेवटचं गाणं भलतंच आवडलं होतं. पाचपैकी चार तारे देऊन त्यानं लिहिलं होतं, की डोंगरातल्या लग्नाची धुंदी या हलगीतून अंगात भिनते. त्या गाण्यावर तर पोरंपोरी नुसती नाचत सुटली होती. मध्येच हलगी थांबते, तिथं सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं, ती पुन्हा सुरू झाली की उड्या मारायच्या. एक नवरदेव तसाच उड्या मारत मांडवात शिरला होता.

भामाबाईला वाटलं, शेजारच्या फुलाबाईलाही बोलवावं, ऐकू दे तिलाही. पण आधी तू लाव, असं ती वैष्णवीला म्हणाली. वैष्णवीनं नाचाचा व्हिडिओ लावला.

गिटारच्या गोंगाटाखाली हलगी वाजत होती, संथ आणि जड. हात गावच्या गेनबाचाच, हे भामाबाईनं लगेच ओळखलं. मग हलगी थांबली.

तीन वर्षांपूर्वी तिच्या मालकांची, कुमारच्या आजोबांची, तिरडी स्मशानाच्या वाटेवर विसाव्याला खाली ठेवली, तेव्हा गेनबाची हलगी अशीच थांबली होती. खांदेकऱ्यांनी खांदे बदलले. बायांनी तिथूनच माघारी फिरायचं असतं. ती फिरली, आणि हलगी पुन्हा वाजू लागली ती नदीकडं, तिच्यापासून लांब लांब जात.

मोबाईलमधली पोरं उड्या मारायला लागली.

भामाबाईनं मोबाईल हातानं दूर लोटला. वैष्णवीनं घाबरून व्हिडिओ बंद केला. ही हलगी तुझ्या आबांच्या वेळचीच का, भामाबाईनं कुमारला विचारलं. कुमारनं मान डोलावली. तेव्हाच खिशातल्या मोबाईलवर टिपली होती म्हणाला, तसा आवाज पुन्हा कुठं ऐकलाच नाही. पुढं मुलाखतीत कुणीतरी लग्नाची का म्हणून विचारलं, सोबत्यांनी हो म्हणून टाकलं आणि हा गप्प राहिला. खरं सांगितलं असतं तर नाचलं कोण असतं, असं त्याचं म्हणणं.

भामाबाई उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"आजाच्या मयताची हलगी घेतलीस, त्याचं मला वंगाळ वाटत न्हाई. पर लोक तिला लगीन म्हनलं आन तू तोंड मिटून बसलास. हलगी थांबती तिथं माझा मालक खाली ठिवलाय, कुमार, आन त्याच्याभवती तू लोकास्नी नाचवतुयास. ते चार तारं गेनबाच्या हलगीला न्हाई मिळालं. तुझ्या गप बसन्याला मिळालं."