एकट्या माणसाची शेगडी

मित्रांनो, तुमच्या घरी वातीचा स्टोव्ह असेल, कुणाकडे गॅसही आला असेल. त्यामुळे माझी ओळख मलाच करून द्यावी लागते. मी एक जुनी शेगडी आहे. कोळशाची नव्हे, मातीचीही नव्हे. लाकडाच्या भुशावर चालणारी पत्र्याची शेगडी. सोलापुरातल्या गिरणी कामगारांच्या एका चाळीत, शेवटच्या खोलीच्या ओट्यावर मी बसून असते. माझ्या बुडाला गंज चढला आहे, एक कडी निखळली आहे. पण याच पोटातल्या धगीवर एका माणसाने आपला मोडलेला संसार पुन्हा मांडला, आणि याच धगीने एकदा त्याचा घात होता होता राहिला. दोन्ही गोष्टी मला सांगायच्या आहेत.

जन्माने मी तेलाचा डबा. मंगळवार बाजाराच्या तोंडाशी हुसेनसाब नावाचे पत्र्याचे कारागीर बसत. त्यांनी माझे झाकण कापले, बुडाजवळ मुठीएवढे भोक पाडले, वर भांडे टेकायला तीन खुंट ठोकले आणि उचलायला दोन कड्या लावल्या. ते १९७३ साल होते. दुष्काळ नुकताच सरला होता आणि आता रॉकेल मिळेनासे झाले होते. रेशनच्या दुकानापुढे लोक डबे मांडून बसत आणि पुष्कळदा रिकामेच उचलून नेत. त्यामुळे हुसेनसाबांच्या हाताला त्या दिवसांत उसंत नव्हती.

थंडी सुरू झाली आणि एके दिवशी एक उंच, थोडे वाकलेले गृहस्थ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांचे नाव धुळाप्पा. सुताला गरम खळ लावतात त्या कांजी खात्यात त्यांची चाळीस वर्षे गेली होती. एवढी वर्षे वाफेत काढलेल्या माणसाला बाहेरचा गारठा सोसत नाही. हिवाळा आला की त्यांचे गुडघे धरत. गिरणी सुटून वर्ष होते न होते तोच त्यांची बायको मल्लव्वा वारली. एकुलती एक मुलगी विजयमाला होटगीला सासरी होती.

"हे एकट्याला चालंल का?" त्यांनी विचारले.

"एकट्यालाच लई चांगलं की," हुसेनसाब म्हणाले. "मधी दांडा उभा धरायचा, भवतीनं भुसा ठासून भरायचा आन दांडा हळूच उपसायचा. खालनं एक ढलपी पेटवून सारली की दोन-तीन तास बघायला नको. भुसा वखारीत पोत्यानं मिळतोय."

"मला सैपाक येत न्हाय."

हुसेनसाबांनी हातोडा खाली ठेवला. "मग घरात कोण हाय?"

"कोण न्हाय."

 हुसेनसाबांनी कानस घेतली आणि माझ्या काठाची धार घासघासून गुळगुळीत केली. एवढे काम ते एरवी करत नसत.

पहिले पंधरा दिवस आम्हा दोघांचेही हाल झाले. भुसा ओलसर निघाला. ज्योत काही येईना, धूर मात्र खोलीभर झाला. भाकरी थापली तर ती अर्धी तव्यावर पडे आणि अर्धी हातातच राही. डाळ शिजवायला ते घरातले मोठे पातेले घेत, कारण मल्लव्वा त्यातच शिजवायची. ते वरण तीन दिवस पुरे. तिसऱ्या दिवशी ते आंबे, तरी धुळाप्पा मुकाट्याने खात. जेवण झाले, की भिंतीला टेकून बराच वेळ माझ्याकडे बघत बसत. मला त्यांची फार कणव येई. पण शेगडीला बोलता कुठे येते?

शेजारच्या खोलीत चांदबी राहत होती. नवरा जाऊन वीस वर्षे झालेली, मुलगी लग्न होऊन गुलबर्ग्याला गेलेली. विड्या वळून ती आपले पोट भरत होती. एके सकाळी धूर पाहून ती धावत आली.

"या अल्ला! मामा, खोली पेटली का काय?"

"न्हाय गं. पिठलं करतोय."

चांदबीने पातेल्यात डोकावले आणि तिला हसू आवरेना. "एवढं? वरात जेवायला येणार हाय का?" मग धुळाप्पांचा चेहरा बघून ती हसायची थांबली. तिने पदराने डोळ्यांतला धूर पुसला. "हसले म्हनून राग मानू नका मामा. धा मानसांचा सैपाक सोपा असतोय, एकट्याचाच लई अवघड. माझा हातबी अजून सैल सुटतोय."

त्याच दिवशी तिने आपल्या घरातले एक लहानसे पातेले आणून दिले. भुसा उन्हात पसरायला लावला. आणि मग तिने धुळाप्पांना माझा स्वभाव शिकवला. सुरुवातीला माझी आच मोठी असते, तेव्हा भाकऱ्या उरकायच्या. आच बसू लागली, की हुलग्याच्या पिठाचे पातळ माडगे नाहीतर मूठभर डाळीची आमटी ठेवायची. शेवटी नुसती ऊब राहते. तिच्यावर गुडघे शेकायचे पाणी तापते. एवढे सगळे एकदा भरलेल्या भुशात. धुळाप्पा जन्मभर यंत्रापाशी राबलेले. हे त्यांना चटकन उमगले. महिन्याभरात त्यांची भाकरी फुगू लागली. पहिली फुगलेली भाकरी ते दोन्ही हातांवर घेऊन चांदबीला दाखवायला गेले होते.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला चांदबी आपले मटकीचे भांडे घेऊन यायची. धुळाप्पांचा स्वयंपाक झाल्यावर माझ्यात उरलेल्या धगीवर मटकी शिजायची. तिचा सरपणाचा खर्च वाचे, आणि धुळाप्पांना त्या निमित्ताने दोन शब्द बोलायला माणूस मिळे.

मार्गशीर्षात विजयमाला येऊन गेली. वडिलांनी तिला माडगे वाढले.

"अप्पा, मीठ लई झालंय."

"उद्या कमी घालतो."

"उद्या कशाला? चला माझ्यासंगं. होटगी काय लांब हाय?"

"माझ्या हातानं खातोय तवर खाऊ दे, माले. खाटंवर बसून ताट आलं की मानूस संपतोय."

"बरं. पन एकदा जरी आजारी पडला तर मी इचारायची न्हाय. हात धरून नेनार." असे बजावून ती गेली.

मित्रांनो, आता ती संध्याकाळ सांगते. आठवण झाली की अजून माझा पत्रा शहारतो.

पौष महिना होता. दोन दिवस आभाळ भरलेले, वारा असा बोचरा की चाळीतली पोरेसुद्धा ओट्यावर फिरकत नव्हती. धुळाप्पांचे गुडघे सुजले होते. त्यांनी दुपारी मला खोलीच्या मधोमध आणून पेटवले. खिडकी लावली. दाराला कडी घातली आणि फटीत पोते कोंबले. घोंगडी पांघरून ते मला खेटून बसले. "आता कसं," ते म्हणाले. त्यांना बरे वाटले म्हणून मलाही बरे वाटले.

पण हळूहळू माझा जीव घुसमटू लागला. मलाही श्वास लागतो. हवा मिळेना तशी माझी ज्योत विझली आणि नुसती लाल धग आतल्या आत धुमसत राहिली. त्या धगीतून विषारी हवा खोलीत साठत होती, पण तिला वास नव्हता, धूरही फारसा नव्हता. धुळाप्पांनी कपाळ चोळले. डोके दुखत होते. त्यांना वाटले भूक लागली असेल. पीठ घ्यायला ते उठले आणि पाय लटपटून तिथेच कोसळले. घोंगडीचा पदर माझ्या तोंडाशी पडला आणि करपू लागला. ज्याला ऊब द्यायची त्यालाच मी मारत होते, आणि मला विझता येत नव्हते.

इतक्यात दारावर थाप पडली. चांदबी मटकीचे भांडे घेऊन आली होती.

"मामा? अहो मामा, दार का लावलं?"

 करपल्याचा वास तिला आला असावा. तिने भांडे तिथेच टाकले आणि ओरडली, "शिवयोगी! अरे धाव रे! मामा बोलंना झाले!"

समोरच्या खोलीतला शिवयोगी हातमागावरून उठून आला. त्याने खांद्याचे दोन धक्के दिले तेव्हा कडी उचकटली. त्याने धुळाप्पांना काखेत धरून ओढत बाहेर नेले. आत घोंगडी आता पेटली होती आणि जवळच भुशाचे पोते होते. चांदबीने इकडे तिकडे पाहिले, हाताला फडके सापडेना. तिने उघड्या हातांनी माझ्या दोन्ही कड्या धरल्या आणि मला उचलून अंगणात नेऊन ठेवले. फेकले नाही, ओरडा ऐकून अंगणात पोरे जमली होती म्हणून ठेवले. मग तिने आपले तळहात पाहिले आणि मटकन खाली बसली. शिवयोगीने घोंगडीवर पाण्याची घागर ओतली.

थंड वाऱ्यावर धुळाप्पांनी डोळे उघडले. दवाखान्यातून ते दुसऱ्या दिवशी परत आले. पण चांदबीचे दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांत बांधलेले होते. विड्या वळणारीचे हात, मित्रांनो! डॉक्टरांनी तीन आठवडे पानाला हात लावायचा नाही म्हणून सांगितले होते.

विजयमाला निरोप मिळताच पॅसेंजरने आली. अंगणात मला पाहून तिने लाथ मारली. मी गडगडत नाल्याच्या कडेला गेले. "ही अवदसा पयली फेका. अप्पा, बोचकं बांधा. आज माझं ऐकायचं."

धुळाप्पा काठी टेकत खाली उतरले, मला उचलले आणि ओट्यावर आणून पुसू लागले. "तिचा काय गुन्हा, माले? दार मी लावलं. हवा मी कोंडली. मला कुनी सांगितलं न्हवतं, आन मीबी कुनाला इचारलं न्हाय." मग ते हळू आवाजात म्हणाले, "ये म्हनत असशील तर येतो. पन तीन आठवडं थांब. तिच्या पोटाचं मला बघायचंय."

त्या दिवसापासून मी ओट्यावर, उघड्या हवेत पेटू लागले. धुळाप्पा दोघांच्या भाकऱ्या थापत. चांदबीला बोटे मिटता येत नसत. म्हणून ते भाकरी आमटीत बारीक कुस्करत आणि चमचा तिच्या दोन मनगटांत धरता येईल असा फडक्याने जाड करून देत. ती जेवत असताना तिला संकोच नको म्हणून पाठ करून बसत. राजाबाई नावाची एक म्हातारी चाळीत होती. ती म्हणाली, "धुळाप्पा, गळ्यात लिंग आन मुसलमानाच्या घरी ताट?"

"तिनं शेगडी उचलली तवा माझी जात इचारली न्हवती, राजाबाई," ते म्हणाले आणि ताट घेऊन चांदबीच्या खोलीत गेले.

विजयमाला हे चार दिवस बघत होती. पाचव्या दिवशी तिने आपलीच पिशवी भरली. निघताना चांदबीपाशी जाऊन ती म्हणाली, "मावशी, अप्पांना न्यायला आले होते. पन आता त्यांना हितनं न्हेलं तरच ते आजारी पडतील. तुमी लक्ष ठेवा." चांदबीने पट्टी बांधलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. पुढे चांदबीचे हात बरे झाले. कातडी मात्र आखडली, आणि पूर्वी जेवढ्या विड्या होत तेवढ्या नंतर कधीच झाल्या नाहीत. तो दोष माझ्या माथी आहे. तिने मात्र मला एकदाही बोल लावला नाही.

पुढे तीन हिवाळे मी दोघांची चूल झाले. मग रॉकेल मिळू लागले, विजयमालाने वडिलांना वातीचा स्टोव्ह आणून दिला, आणि मी ओट्याच्या कोपऱ्यात गेले. पहिल्या पावसाळ्यात माझ्या पोटातली राख कुणी काढली नाही. ती भिजली आणि तिने माझे बूड खाल्ले. भंगारवाल्याला मला द्यायचे ठरले आहे. त्याचे मला फारसे दुःख नाही. आतून या क्षणी स्टोव्हचा आवाज येतो आहे, आणि धुळाप्पा चाळीतल्या नव्याने एकट्या पडलेल्या कुणाला तरी पिठल्यात पाणी किती घालायचे ते सांगत आहेत.

तुमच्याजवळ मागणे थोडेच आहे. घरात शेगडी असेल तर तिची राख रोज काढा, तिला कोरडी ठेवा, आणि कितीही थंडी असली तरी पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून बसू नका. आणखी एक. तुमच्या गल्लीत कुणी एकटे राहत असेल तर ते हाक मारतील म्हणून वाट पाहू नका. एकट्या माणसाची हाक मारायची सवय गेलेली असते. काही काम नसले तरी दिवेलागणीला त्यांच्या दारावर थाप मारा, आणि आतून आवाज येईपर्यंत तिथून हलू नका.